पहाटे चारला उठणाऱ्या आईला गोळी द्यायची की लसूण?

पत्र

माझी आई ७९ वर्षांची आहे. अल्झायमर्सचं निदान होऊन चार वर्षं झाली. आम्ही मूळचे कणकवलीकडचे. आई लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. घरी सांभाळणं अशक्य झालं तेव्हा आठ महिन्यांपूर्वी तिला उपनगरातल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. जागा स्वच्छ आहे, माणसं वाईट नाहीत. पण ती पहाटे चारला उठून स्वयंपाकघराच्या दाराशी जाते. दुपारी तीननंतर 'माका घराक जावचा आसा' म्हणत दार वाजवत राहते. आंघोळीला किंचाळते, एकदा मावशींना चापटही मारली. महिनाभरापासून रात्रीची एक गोळी सुरू केली आहे. आता दिवसाही पेंगते, एका बाजूला कलून बसते, पाय घासत चालते. सहा महिन्यांत वजन ५२ किलोंवरून ४६ वर आलं. मी दर रविवारी संध्याकाळी पाचला जाते. ती बाबांबद्दल विचारते. ते गेल्याचं सांगितलं की रडते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पैसे भरण्यापलीकडे मी काय करू शकते? की जागाच बदलू?

– एक वाचक, भांडुप

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात गोळीचा उल्लेख मध्येच येऊन जातो. आम्ही सुरुवात तिथूनच करतो, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, याला नाही.

पेंगणं, कलून बसणं, पाय घासणं ही तिन्ही लक्षणं गोळीनंतर आली असतील तर आजार वाढला असं लगेच धरून चालू नका. डिमेन्शियातल्या (अल्झायमर्स हा त्याचाच एक प्रकार) आरडाओरड्यासाठी बहुधा क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन किंवा हॅलोपेरिडॉल यांपैकी काहीतरी दिलं जातं, कधी जोडीला क्लोनाझेपाम ही गुंगीची गोळी. पहिली चार मूळची सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मनोविकाराची औषधं. त्यांनी अंग ताठरतं, लाळ गळते, तोल जातो, गिळणं मंदावतं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी चौकटीतली सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही छापायला लावली. तरीही त्यांची एक जागा आहे. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल किंवा भासांनी थरथर कापत असेल आणि बाकीचे उपाय थकले असतील, तर कमी मात्रेत आणि ठरावीक मुदतीपुरती ती देतात. पहाटे चारला उठणं आणि 'घराक जावचा' म्हणणं त्यात बसत नाही. या दोन गोष्टींवर त्या गोळ्यांचा फारसा उपयोगही होत नाही. माणूस फक्त गप्प होतो.

व्यवस्थापकांकडून पाच गोष्टी लेखी मागा: औषधाचं नाव, मात्रा, कोणत्या डॉक्टरांनी कधी सुरू केलं, नेमक्या कोणत्या लक्षणासाठी, आणि फेरविचार कधी होणार. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं निदान दर सहा आठवड्यांनी फेरविचार करायला सांगतात, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची तत्त्वं चार महिन्यांच्या आत मात्रा उतरवून बघायला सांगतात. गोळी तुम्ही होऊन एकदम बंद करायला लावू नका. सगळ्या औषधांची यादी घेऊन याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटा. खाजगीत वेळ मिळत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत दोन्ही विभाग आहेत. त्यांना दोन प्रश्न नक्की विचारा. एक, हा ल्युई बॉडी प्रकारचा डिमेन्शिया तर नाही ना? त्यात ही औषधं फार बाधतात. दोन, ताठरपणा आला म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल जोडलेलं आहे का? हे नेहमी घडतं: एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी येते, आणि ती दुसरी स्मरणशक्तीच आणखी कमी करते. सर्दी-खाजेसाठी सर्रास दिलं जाणारं क्लोरफेनिरामिनही त्याच जातीचं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा हेही सांगा की बदल किती दिवसांत झाला. डिमेन्शिया महिन्यामहिन्याने वाढत जातो. माणूस दोन-तीन दिवसांत एकदम बदलला तर त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, ताप, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी गोळी किंवा दुखणं यांपैकी काहीतरी असतं, आणि त्यासाठी डॉक्टर त्याच दिवशी लागतो. दुखणं तर हमखास निसटतं. 'गुडघा दुखतो' असं सांगणारी भाषा या टप्प्यावर हरवलेली असते. श्वास कसा चाललाय, कण्हणं आहे का, चेहरा आक्रसलाय का, मुठी आवळल्यात का, जवळ घेतल्यावर शांत होते का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी दुखणं मोजायची पद्धत नर्सना शिकवलेली असते. ती वापरा असं सांगा. नॉर्वेतल्या शुश्रूषा केंद्रांत झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरलेल्या वेळी वेदनाशामक दिल्यावर रहिवाशांचा आकांत लक्षात येण्याइतका कमी झाला, आणि बहुतेकांना त्यासाठी पॅरासिटामॉलच पुरलं. आईच्या डॉक्टरांना हा पर्याय सुचवायला हरकत नाही. यकृताचा त्रास असेल तर तेही सांगा.

आता पहाटे चार. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातची असायची. तिच्या आधी डबे भरायचे म्हणजे चारला उठणं आलंच, आणि हे तुमच्या आईने वर्षानुवर्षं केलंय. ती भरकटत नाहीये, कामाला निघाली आहे. केंद्राला हे माहीत आहे का? बहुतेक नसेल. त्यांच्या फाइलमध्ये रक्तदाब, साखर, ॲलर्जी असतं, खानावळ नसते.

दुसरं कारण साध्या बेरजेचं आहे. केंद्रात दिवे किती वाजता मालवतात ते विचारा. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून अनेक ठिकाणी साडेसहाला जेवण आणि साडेसातला अंथरूण असतं. साडेसातला आडवी झालेली बाई चारला उठली तर साडेआठ तास झोपून उठली! वर साडेसहाचं जेवण आणि सकाळी साडेआठचा नाश्ता यांत चौदा तासांचं अंतर. भुकेने जाग येते, आणि भूक लागली म्हणजे चुलीकडे जायचं हे तिच्या पायांना पाठ आहे.

तेव्हा केंद्राकडे एवढं मागा. अंथरूण साडेनऊच्या आधी नको. नऊ वाजता नाचणीची पेज किंवा कपभर दूध. दुपारची डुलकी अर्धा-पाऊण तास, तीही तीनच्या आत. सकाळी नाश्त्यानंतर अर्धा तास गॅलरीत किंवा गच्चीवर खऱ्या उजेडात, म्हणजे शरीराचं घड्याळ जागेवर राहतं. एवढं करूनही ती चारला उठलीच तर उठू द्यावं. रात्रीच्या मावशींच्या शेजारी खुर्ची, कपभर चहा आणि समोर ताटात लसणाचे दोन गड्डे. सोलून झाले की 'आये, बरां झाला, डब्याक लागतलो' एवढंच म्हणायचं. पाच-साडेपाचला ती पुन्हा आडवी होईल किंवा होणार नाही, दोन्ही चालेल. दरवाजाबाहेर जायचा मार्ग, गॅस आणि सुऱ्या तेवढ्या बंदोबस्तात हव्यात.

काम देणं हा वेळ घालवायचा खेळ नाही, ही गोष्ट मावशींना आवर्जून सांगावी लागते, कारण केंद्रांत 'ॲक्टिव्हिटी' म्हणजे प्लॅस्टिकचा चेंडू फेकणं किंवा लहान मुलांची रंगवायची वही. ज्या बाईने रोज पंचवीस-तीस जणांना जेवू घातलं तिच्या हातात बालवाडीची वही देणं हा अपमान आहे आणि तो तिला कळतो. तिच्या हातांना जे येतं ते द्या. पाव किलो मटारच्या शेंगा, मेथीची जुडी, कोथिंबीर, लसूण. देवासाठी कापसाच्या वाती वळणं तर फारच चांगलं: बोटांना काम, चुकायची भीती नाही, आणि पन्नास वाती झाल्या तरी त्या कुठेतरी लागतातच. कणकेचा गोळा देऊन दहा लाट्या करायला सांगा. नॅपकिनच्या घड्या घालायला द्या. कच्चे शेंगदाणे, चवळी, राजमा असं सुटं कडधान्य नको, ते तोंडात जातं आणि ठसका लागतो. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. आणि एक चूक कटाक्षाने टाळायची: तिने घातलेल्या घड्या तिच्यादेखत मोडून पुन्हा तिच्यासमोर ठेवायच्या नाहीत.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आईचा त्या काळातला, खानावळीतला एखादा फोटो घरात असेल तर शोधा. मोठा करून, तिचं नाव ठळक लिहून तिच्या खोलीच्या दारावर लावा. तिला स्वतःची खोली सापडायला तो उपयोगी पडेल, आणि नव्या मावशींना त्या दाराआड कोण राहतं हे समजेल.

वजनाकडे वळतो. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त किंवा एका महिन्यात पाच टक्के घट ही धोक्याची खूण मानतात. आईची घट अकरा टक्क्यांच्या वर आहे. दात, कवळी, तोंडातले छाले, थायरॉइड, साखर हे डॉक्टर बघतील. स्मरणशक्तीसाठी दिलं जाणारं डोनेपेझिल चालू असेल तर तेही भूक मारतं, मळमळ आणतं. यादीत बघून विचारा. पण एक गोष्ट तपासायला डॉक्टर लागत नाही: केंद्र शाकाहारी आहे का? मुंबईतली बरीच केंद्रं तशी असतात. जन्मभर माशाची कढी आणि भात खाल्लेल्या मालवणी बाईला आठ महिने दुधी आणि मुगाची खिचडी मिळत असेल तर ती जेवत नाही यात नवल काय? केंद्र मांसाहारी असेल तर सुरमईचा मधला तुकडा, काटा काढून, भातात कुस्करून. सोललेली कोलंबीही बारीक चिरून चालेल. बोंबील-मांदेली नकोत, त्यांतले बारीक काटे नजरेतून सुटतात. शाकाहारी असेल तर सोलकढी, तिरफळ घातलेली आमटी, काळ्या वाटाण्याची मऊ शिजवलेली उसळ. घरचा मालवणी मसाला बरणीत भरून स्वयंपाकीणबाईंना द्या, अर्धा चमचा आमटीत घातला तरी वास पोचतो. डिमेन्शियात वासाची आणि चवीची जाण मंदावते, म्हणून आजारी माणसाचं अळणी जेवण त्यांना आणखीच बेचव लागतं.

ताट बघा. स्टीलच्या ताटात ट्यूबलाइट चमकते, त्यात पांढरा भात आणि पांढरं दही. अल्झायमर्समध्ये रंगांतला फरक कळणं मंदावतं, त्यामुळे तिला तिथे अन्न दिसतच नसेल. बोस्टनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पांढऱ्याऐवजी गडद लाल भांडी वापरल्यावर रुग्णांचं खाणं सुमारे पाव पटीने वाढलं. एकरंगी, बिननक्षीची लाल किंवा निळी मेलामाइनची ताटली आणि तसाच कानाचा कप, एवढं तुम्ही स्वतःच नेऊन द्या. नक्षीची नको, फुलं वेचत बसते. पदार्थ एका वेळी एक-दोनच वाढायचे. हातात घेता येईल असं काहीतरी असावं: मऊ घावनाचे तुकडे, केळं, वाफवलेल्या रताळ्याच्या फोडी. चमचा कसा धरायचा हे विसरलेला माणूस हाताने व्यवस्थित जेवतो, आणि आपल्याकडे हाताने जेवणं कुठे वावगं आहे?

भरवायचं असेल तर पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, भरवणारी समोर बसलेली, उभी नाही. चमच्याने, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ रस्शात तरंगणारे कडक तुकडे, कोरडे पोहे, कुरमुरे यांचा ठसका लवकर लागतो. पाणी पिताना रोज खोकला येत असेल, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होत असेल तर गिळण्याची तपासणी हवी, कारण अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. त्या वेळी कोणीतरी नाकातून नळी सुचवेल. पुढच्या टप्प्यावरच्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, आणि नळी उपसू नये म्हणून मग हात बांधले जातात. हाताने, सावकाश, जेवढं जाईल तेवढं भरवणं अधिक बरं. त्याला एका जेवणाला तीस-चाळीस मिनिटं लागतात, म्हणून ते केंद्राला नको असतं, हे समजून बोला.

पाणी मागायचं तिला सुचत नाही. दीडशे मिलीचा कप, दिवसाला सात-आठ, दर दोन तासांनी हातात द्यायचा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. चहा, ताक, सोलकढी, पेज सगळं त्या मोजणीत धरा, पण संध्याकाळी सातनंतर कमी.

आंघोळ. किंचाळणं आणि चापट ही भीती आहे, बहुधा थंडीची आणि लाजेचीही. अनेक ठिकाणी रात्रपाळी संपायच्या आत, पाच-सहाच्या सुमाराला ओळीने सगळ्यांना न्हाऊ घालतात. परकी बाई कपडे काढते, डोक्यावर तांब्या ओतते, दुखरा खांदा वर ओढते. कोणीही मारेल. केंद्राला हे बदल सांगा: वेळ अकराची. आत नेण्याआधी पंखा बंद, बादल्या भरून तयार, नळाचा आवाज नको. पाणी कोपराला कोमट लागलं पाहिजे. हातांची, रबरी बुटांची खुर्ची. खाली गडद मॅट असेल तर ती उचला, काळी मॅट तिला खड्डा वाटते आणि ती पाऊल टाकत नाही. खांद्यांवर मोठा टॉवेल तसाच ठेवायचा आणि त्याच्या आतून हात घालून अंग धुवायचं. टॉवेल भिजला तर भिजला. सुरुवात पायांपासून, मग हात, पाठ, आणि डोकं शेवटी किंवा वेगळ्या दिवशी. एक मग तिच्या हातात द्या, अर्धं काम ती करेल. पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा पुरते; बाकी दिवशी काखा, जांघा, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्या पुसून पूर्ण कोरड्या करायच्या. मुंबईच्या दमटपणात पावडरचा थर बसवला की त्याचा लगदा होऊन बुरशी वाढते. 'नको' म्हणाली तर वीस मिनिटं सोडून द्या आणि दुसऱ्या मावशींना पाठवा. वादातली आंघोळ पूर्ण झाली तरी पुढची आणखी कठीण होते.

कपड्यांबद्दल एवढंच: मॅक्सी त्यांच्या सोयीची. आईला साडीची सवय असेल तर निऱ्या शिवलेली, कमरेला वेल्क्रो लावलेली साडी कुठलाही शिंपी करून देतो. काठ घोट्याच्या दोन-तीन इंच वर ठेवायला सांगा, पायात येणार नाही.

दुपारी तीन ते सात हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग. यात बरंच काही एकत्र येतं: दिवसभराचा थकवा, केंद्रातली पाळी बदलणं, चहाच्या भांड्यांचा खणखणाट, कमी होत जाणारा उजेड, कोणीतरी मोठ्याने लावलेला टीव्ही. आणि कदाचित आणखी एक. पहिल्या पाळीचे लोक दुपारी साडेतीनच्या सुमाराला सुटायचे, ते खानावळीत यायचे. तिची घाई खोटी नाही. चौदा दिवस एका साध्या वहीत चार रकाने भरून घ्या: वेळ, आधी काय चाललं होतं, ती काय म्हणाली, कशाने शांत झाली. दोन आठवड्यांत काहीतरी हाती लागतंच. तोवर पावणेतीनला खाणं, मग पंधरा मिनिटं पॅसेजमधून चालणं, मग काम. टीव्ही बंद, बातम्यांतली भांडणं तिला खोलीत चाललेली वाटतात. त्याऐवजी तिच्या तरुणपणातली गाणी, भजनं, ओव्या, हळू आवाजात, अर्धा तास. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जुलैत चारलाच अंधारून येतं, म्हणून दिवे बाहेरचा अंधार बघून लावायचे, घड्याळ बघून नाही. काचांवर पडदे, म्हणजे प्रतिबिंबातला परका माणूस दिसत नाही.

'घराक जावचा'ला 'हेच तुमचं घर' हे उत्तर सगळ्यात वाईट. 'घरात काय काय आसा गो?' असं विचारून तिच्याबरोबर चार पावलं चालणं बरं. केंद्रातल्या मुली झारखंडच्या, उत्तर प्रदेशच्या, मराठवाड्याच्या असतील. मालवणी त्यांना कळत नाही. 'माका भायर जावचा आसा' किंवा 'परसाकडे' हे शौचाला जायचंय म्हणून असतं आणि मावशी दाराला कडी घालतात. दहा मिनिटांनी कपडे खराब. तेव्हा वीस शब्दांचा कागद करा, एका बाजूला आईचा शब्द, समोर हिंदीत अर्थ: पाणी, तहान, शौच, दुखतंय, थंडी, नको, भूक, झोप. शिवाय मागायची वाट न पाहता दर दोन तासांनी तिला शौचालयात न्यायचं, आणि जेवणानंतर वीस मिनिटांनी हमखास. पांढऱ्या लाद्यांवर पांढरा कमोड दिसत नाही, रंगीत सीट लावून मागा. उकिडवं बसायची सवय असलेल्यांना पायाखाली सहा-आठ इंचांचा पाट दिला तर पोट साफ होतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर नर्सनी डॉक्टरांना कळवलं पाहिजे.

हे सगळं तोंडी सांगून उपयोग नाही. बऱ्याच मावशी ब्युरोमार्फत येतात, बारा तासांची पाळी करतात आणि दोन महिन्यांत बदलतात. त्यामुळे एक पान लिहा, हिंदीत आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. तिला काय हाक मारायची, ती काय करायची, पहाटे उठली तर काय द्यायचं, आंघोळीचा क्रम, काय खाते, कुठे दुखतं, चष्मा कोणता, कोणत्या कानाने कमी ऐकू येतं. चष्म्यावर आणि कवळीवर नाव घाला. कानातला मळ एकदा काढून घ्या. बहिरेपणाला गोंधळ समजलं जातं. व्यवस्थापकांबरोबर महिन्यातून एकदा वीस मिनिटांची बैठक मागा आणि तिथे वजनाचा आकडा, पडझड, शौच आणि औषधांतले बदल एवढंच विचारा. मावशींना चुकूनही त्यांच्या वरिष्ठांसमोर दोष देऊ नका. आईच्या वाट्याला येणारा हळुवारपणा त्यांच्याच हातात आहे.

भेटीची वेळ बदला. रविवारी पाच हा आईचा सगळ्यात वाईट तास, तोच तुम्ही निवडलाय. सकाळी दहा ते साडेअकरात जा. समोरून जा, तिच्या नजरेच्या पातळीला बसा, 'मी कोण सांग' असं विचारू नका. 'आये, मी इलंय' म्हणून स्वतःचं नाव सांगा. एका वेळी एक वाक्य, मग दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. उत्तर उशिरा येतं. बरोबर काहीतरी हाताला काम न्या. अर्धा-पाऊण तास पुरे. निघताना 'जाते हं' नको. जेवणाचं ताट आलं की मावशींच्या हाती सोपवून उठा.

'तुझो बापूस खंय गेलो?' या प्रश्नाला दर वेळी मृत्यूची बातमी देऊ नका. तिच्यासाठी ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकलेली असते. लांबलचक खोटंही नको, कारण 'गावाक गेलेत, येतले' म्हटलं की ती दाराशी वाट बघते. 'तुका तेंची आठवण येता?' असं विचारा, त्यांना काय आवडायचं ते विचारा, तिला बोलू द्या. एखाद्या दिवशी तिनेच सरळ 'गेले ना ते?' असं विचारलं तर हो म्हणा आणि हात धरून बसा.

जागा बदलावी का? आत्ता नको. नव्या जागेत रुळायला अशा माणसाला कित्येक आठवडे लागतात, आणि त्या काळात गोंधळ आणि पडझड वाढते. औषधांचा फेरविचार आणि वर सांगितलेले बदल सहा आठवडे करून बघा. मात्र या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका: खुर्चीला ओढणीने किंवा पट्ट्याने बांधणं, औषधांची यादी द्यायला टाळाटाळ, भेटीला फक्त ठरवून येऊ देणं, पाठीवर किंवा माकडहाडावर लालसर चट्टा जो दाबला तरी पांढरा होत नाही. पलंगाचे कठडे वर करून ठेवण्याचाही आग्रह धरू नका. ती त्यावरून चढते आणि जास्त उंचावरून पडते. पलंग बुटका करून खाली गादी टाकणं बरं. दुसरी जागा पाहायची वेळ आलीच तर सकाळी दाखवायला नेतात तेव्हा जाऊ नका. न सांगता संध्याकाळी पाचला जा, किती जण अंथरुणात आहेत ते मोजा, रात्री किती माणसांमागे किती मावशी आणि नर्स असते ते विचारा, पावसाळ्यात वीज गेली तर लिफ्ट आणि जनरेटरचं काय ते विचारा. मारहाण किंवा उपासमारीचा संशय असेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४५६७ आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

या आठवड्यात एवढंच करा: औषधांची यादी, डॉक्टरांची वेळ, आणि कपाटावरचं पान. लाल ताटली आणि मसाल्याची बरणी पुढच्या भेटीला न्या. सहा आठवड्यांनी वजन किती भरलं आणि वहीतल्या चार रकान्यांत काय सापडलं ते लिहून पाठवा, पुढचं त्यावरून सांगू.